वरचे आठ लाख

आमच्या स्वयंपाकघराचं कौतुक करणारं कुणी आलं की आता मी त्यांना हॉलमध्येच बसवते आणि चहा बाहेर आणून देते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मी स्वतः एकेक ट्रॉली ओढून दाखवायची. ही ताटांची, ही मसाल्यांची, आणि हा कोपरा बघा कसा गोल फिरतो. नाहूर स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, जुन्या इमारतीत, तीनशे चाळीस फुटांचा वन रूम किचन. आख्ख्या इमारतीत असं किचन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. माझ्या नणंदेने "हॉटेल काढताय की काय?" असं तोंड वाकडं करून विचारलं होतं, त्याचा आनंद मला आठवडाभर पुरला. मी आहेच तशी. लोक जळले की मला बरं वाटायचं.

माझं माहेर भांडुपचं, डोंगरावरच्या चाळीतलं. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात मोरी आणि मोरीला लागून आईचा स्टोव्ह. आई भाकऱ्या थापायची आणि हातभर अंतरावर कुणीतरी आंघोळ करत असायचं. साबणाचे शिंतोडे पिठात पडू नयेत म्हणून ती ताट आडवं धरायची. लग्नानंतर सिद्धेशबरोबर भाड्याच्या चार खोल्या बदलल्या आणि चारही ठिकाणी ओटा दुसऱ्याचा होता. त्यामुळे घर घ्यायचं ठरलं तेव्हा मला हॉल कुठे, खिडकी कुठल्या दिशेला याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला उभं राहून, मोकळेपणाने, माझ्या ओट्यावर स्वयंपाक करायचा होता. यात वाईट काही नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. वाईट पुढे झालं.

घर अंबादास रणपिसे यांचं. मूळचे जालन्याकडचे, महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या घरातले. त्यांची बायको सुंदराबाई वर्षभरापूर्वी गेली होती आणि एकट्याने राहवत नव्हतं, म्हणून घर विकून मालाडला मुलाकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी किंमत सांगितली, बासष्ट लाख, आणि त्याच दमात त्या पैशाचं काय करणार तेही सांगून टाकलं.

"पंचवीस आकाशचे, पंचवीस चेतनाचे. पोरगा-पोरगी मला सारखेच. बारा माझ्या दवापाण्याला. मी गेलो की तेही त्यांचेच."

असं घराचं सगळं परक्यासमोर सांगणारा माणूस मी मुंबईत पाहिला नव्हता. मग त्यांनी आम्हाला माळा दाखवला. तिथे तीनशे लिटरची टाकी होती, त्यांनी स्वतः पाइप जोडून बसवलेली. इमारतीला पाणी सकाळी पाऊण तासच येतं. त्यांनी नळ सोडून दाखवला, भरदुपारी धो धो पाणी आलं. "घरात काय पाहिजे ते करा," ते म्हणाले, "ही टाकी तेवढी काढू नका."

टोकन द्यायच्या दिवशी माझे बाबा आले होते. माझे बाबा म्हणजे धाकू गावडे, गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनकी केलेले. ते आणि अंबादासकाका तासभर गप्पा मारत बसले. जिना उतरताना बाबा मला त्यांच्या मालवणीत म्हणाले, "चेडवा, माणूस बरो आसा. तेका त्रास देव नको."

"मी कशाला त्रास देऊ त्यांना?" मी म्हणाले.

कॉन्ट्रॅक्टरने माप घेतलं आणि माझ्या मनातल्या किचनचा, नव्या बाथरूमचा आणि फॉल्स सीलिंगचा मिळून आठ लाखांचा आकडा दिला. आमची जवळजवळ सगळी शिल्लक घराच्या आमच्या हिश्शात संपत होती. बँकेतल्या बाईंनी सरळ मार्ग सांगितला होता. दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मिळतं, पण त्याची मुदत कमी, म्हणून तुमच्या दोघांच्या पगारावर तीन लाखांपर्यंतच बसेल, व्याज थोडं जास्त असेल आणि काम होईल तसतसे पैसे सुटतील. तीन लाखांत ओटा झाला असता, टाइल्स झाल्या असत्या, सडलेले पाइप बदलून झाले असते.

"झालं की मग," सिद्धेश म्हणाला. "ट्रॉल्या नंतर करू गं."

"नंतर म्हणजे कधी? मी म्हातारी झाल्यावर?"

राजेश नावाचा आमचा ब्रोकर हे ऐकत होता. तो हसला. "मॅडम, तुम्ही पण ना. एवढं टेन्शन कशाला घेता? अॅग्रीमेंट सत्तरचं बनवू. बँक कागदावरच्या किमतीच्या ऐंशी टक्के देते. कागदावर किंमत वाढली की लोन वाढलं. काकांना तुम्ही सत्तर द्यायचे, वरचे आठ काका तुम्हाला कॅश परत देणार. काम झकास, सगळे करतात."

सिद्धेश गप्प बसला. तो गप्प बसला की मी त्याला हो समजते, ही आमच्या लग्नातली जुनी सोय आहे.

काकांना समजावायला मीच गेले. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे मला सत्तर येणार, मी आठ परत देणार. मग माझे बासष्टच ना?"

"बासष्टच. टॅक्स जो काय जास्त बसेल तो आम्ही भरू."

"पण हे बरोबर आहे का, पोरी?"

समोर भिंतीवर सुंदराबाईंचा फोटो होता. मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "काका, एका लेकीचं स्वयंपाकघर होईल." मी काय करतेय ते मला तेव्हाही कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हो म्हणाले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी हुशार. त्यांचा मुलगा आकाश एका पतपेढीत कर्जाच्या टेबलावर काम करतो, हे मला माहीत होतं. त्याला कळलं तर तो दहा प्रश्न विचारेल, कदाचित व्यवहारच मोडेल, ही भीती मला वाटली. मी म्हणाले, "काका, आकाशला सांगू नका हं हे. आणि चेतनाताईंनाही नको, त्या त्याला सांगतील."

आठ लाखांना हो म्हणायला त्यांना जेवढा वेळ लागला होता त्याहून जास्त वेळ त्यांना याला लागला. "मी पोरांपासून काही लपवत नाही," ते म्हणाले.

"लपवायचं नाहीच आहे, काका. फक्त सांगायचं नाही."

हे वाक्य सुचल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. घरी येऊन मी ते सिद्धेशला पुन्हा म्हणून दाखवलं होतं. काका शेवटी म्हणाले, "बरं. शब्द दिला."

पैसे त्यांनी बँकेतून तीन खेपांत काढले आणि तिन्ही वेळा स्वतः आणून दिले, कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. टॅक्सचे जास्तीचे पैसे आम्ही पै न् पै दिले. पैशाने मी त्यांना बुडवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते.

मग काम सुरू झालं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, टाकी ठेवली तर सीलिंग बसणार नाही. मी एक मिनिटसुद्धा विचार केला नाही. टाकी भंगारवाला घेऊन गेला. महिन्याभरात किचन उभं राहिलं आणि त्यानंतरच्या महिन्यात बाथरूममध्ये दोन निळे ड्रम आले, कारण पाणी पाऊण तासच येतं. लाखभराच्या टाइल्स आणि मधोमध ड्रम. सिद्धेश रोज त्यांना वळसा घालून आंघोळ करायचा.

नऊ महिन्यांनी एका रविवारी दुपारी काका आले. फोन न करता. वाळलेले दिसत होते. आत आल्यावर त्यांनी आधी वर पाहिलं, जिथे माळा होता तिथे. मग खाली पाहिलं. मी ओढून दाखवलेल्या ट्रॉल्या त्यांनी बघितल्या, "चांगलं झालं" म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मग त्यांनी सांगितलं. रजिस्टर झालेल्या घराचा गोषवारा कुणालाही ऑनलाइन बघता येतो. आकाशने कामावर असताना सहज म्हणून तो काढला होता आणि त्यात किंमत दिसली सत्तर लाख. बाबांनी तर बासष्ट सांगितली होती. त्याने पासबुक मागितलं. त्यात सत्तर जमा झालेले आणि आठ लाख तीन खेपांत रोख काढलेले. त्याच महिन्यात चेतनाच्या नवऱ्याने शाळेच्या मुलांसाठी व्हॅन घेतली होती. ती कर्जावर घेतली होती, पण आकाशने दोन आणि दोन जोडले.

"तो म्हणतो, मी पोरीला गुपचूप दिले. ती म्हणते, बाबा, मला दिले नाहीत ना, मग सांगत का नाही कुठे गेले. दोघांचं बोलणं बंद आहे चार महिने. मला विचारतात आणि मी खाली बघतो. पोरी, तू एकदा आकाशशी बोल. लिहून काही देऊ नको. तोंडाने सांग, की ते पैसे तुमच्याकडे आले. बस."

माझ्या डोळ्यांसमोर बँकेचं पत्र आलं, सगळं कर्ज एकदम परत मागणारं. पण नुसती तीच भीती नव्हती. दोनदाच भेटलेल्या एका माणसाने मला लबाड समजावं, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून माझ्यापायी त्याने आपल्या बापाला लबाड समजलेलं मी चालवून घेतलं.

"काका, आत्ता नको," मी म्हणाले. "कर्जाला वर्ष होऊ दे. मग मी स्वतः सांगते." हे वर्षाचं मी कुठून काढलं, मला माहीत नाही. त्या क्षणी तोंडात आलं. आणि वर आणखी म्हणाले, "तुमचा मुलगा आहे तो. त्याचा तुमच्यावर एवढाही विश्वास नाही का?"

"होता," ते म्हणाले.

चहा प्यायल्यावर त्यांनी कप स्वतः विसळायला घेतला. नळाखाली हात धरून त्यांनी बघितलं. पाणी नव्हतं, मी ड्रममधलं तांब्याने घातलं. "पुरतं ना पाणी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुरतं.

सिद्धेश रात्रपाळीहून आला आणि हे ऐकून पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "आत्ता फोन लाव. आत्ता. मी बोलतो आकाशशी."

"आणि उद्या त्याने तक्रार केली तर? घराची वाट लागली तर? मी राहणार नाही पुन्हा भाड्याच्या खोलीत, सांगून ठेवते."

"तुला सीलिंग पाहिजे होतं ना," तो म्हणाला, "बघत बस आता." पण फोन त्यानेही लावला नाही. पुढच्या दोन महिन्यांत काकांचे पाच-सहा फोन येऊन गेले. मी दोनदा घेतले, दोन्ही वेळा कामात आहे म्हणाले. मग फोन यायचे बंद झाले आणि माझा जीव भांड्यात पडला. हे लिहायची लाज वाटते, पण पडला.

वर्ष झालं. मी कुणालाही काही सांगितलं नाही. दुसरंही वर्ष होत आलं तेव्हा सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीने सांगितलं, की शेअर सर्टिफिकेट आमच्या नावावर करायची जुनी फाइल सापडत नाही, फॉर्मवर जुन्या मालकांची पुन्हा सही आणा. फॉर्म हातात घेतला आणि मला एकदम वाटलं, आता जायचंच आहे तर सांगून टाकू. जे होईल ते होईल. रात्री सिद्धेशला सांगितलं तर तो म्हणाला, "मी येऊ?" मी नको म्हणाले. हे माझं एकटीचं होतं. फॉर्मवर सही हवी आहे, असा काकांना मेसेज टाकून रविवारी मी नाहूरहून बस धरली. मालाडपर्यंत मनात एकच वाक्य घोकत होते. आकाश, ते आठ लाख आमच्याकडे आले.

दार आकाशनेच उघडलं. घरात मटणाचा वास होता, आत कुणीतरी हसत होतं. स्वयंपाकघरातून हात पुसत चेतना आली. मी तिला फक्त एकदा, घराचा ताबा घेतला त्या दिवशी पाहिलं होतं. दोघं भाऊ-बहीण एका घरात बघून माझं घोकलेलं वाक्य तसंच राहिलं.

"बाबा आंघोळीला गेलेत, बसा ताई," आकाश म्हणाला. मग थोडा अवघडून, "खरं तर मलाच तुम्हाला सॉरी म्हणायचं होतं. मध्ये मला तुमच्यावर पण डाउट आला होता."

"माझ्यावर?"

"त्या आठ लाखांवरून. म्हटलं, ब्रोकर आणि तुम्ही मिळून बाबांना गंडवलं की काय. पण बाबांनीच कबूल केलं शेवटी. दिवाळीच्या आधी आम्हाला दोघांना बोलावून घेतलं आणि समोर पैसे ठेवले. चार माझे, चार हिचे. म्हणाले, मीच लपवून ठेवले होते, स्वतःसाठी. म्हातारपणी कुणी विचारणार नाही अशी भीती वाटली."

"आम्ही काय टाकून देणार होतो का त्यांना?" चेतना म्हणाली. "पण जाऊ दे. वय झालं की माणूस घाबरतो. आम्ही काही मनात ठेवलं नाही."

मी बसल्या जागी हिशेब केला. बारातून आठ गेले. दवापाण्याचे बारा होते, त्यांनी ठेव मोडली असणार. आणि या दोघांना वाटत होतं की ती बारा लाखांची ठेव बँकेत तशीच आहे.

काका बाहेर आले. मला बघून दारातच थांबले. मी उभी राहिले. "आकाश, मला तुम्हाला एक..."

"फॉर्म आणला का?" काकांनी मध्येच विचारलं. "कुठे सही करायची, दाखव." त्यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, चष्मा लावला, मी बोट ठेवलं तिथे सही केली. मी पुन्हा तोंड उघडलं तर म्हणाले, "चल, तुला रिक्षापर्यंत सोडतो. इथली रिक्षावाली पोरं लांबून नेतात."

जिन्यात मी रडायला लागले. "काका, वर चला. आत्ता सांगते मी. दोघंही आहेत."

"नको."

"मी चुकले हो. मला तेव्हाच..."

"तेव्हा सांगितलं असतंस तर कामाला आलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पाणी खात्यात तक्रार नोंदवून घेताना बोलावं तसं ते बोलले. "आता काय होईल? आकाशला कळेल की त्याने बहिणीला चोर म्हटलं ते फुकट. तिला कळेल की बापाने खोटं कबूल केलं. पुन्हा तेच. आता जेवतात एका ताटात, जेवू दे."

"मग पैसे तरी घ्या माझ्याकडून. हप्त्याने देते. महिन्याला दहा हजार देते, कसेही करून देते."

"घेईन गं. पण पोरांनी विचारलं, कुठून येतात, तर काय सांगू?"

याचं उत्तर मी अजून रोज ओट्याशी उभी राहून शोधते. बँकेतल्या बाईंनी सांगितलेले तीन लाख आठवतात, साध्या ओट्याचे, साध्या टाइल्सचे. तेवढ्यात आमचं भागलं असतं. टाकीही राहिली असती.

खाली रस्त्यावर आल्यावर काकांनी हात करून रिक्षा थांबवली. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेवढ्यात वरून आवाज आला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आकाश आणि चेतना दोघंही उभे होते.

"ओ बाबा," आकाश ओरडला, "ताईंना खालच्या खाली काय देताय? आम्हाला पण दाखवा."

"खिसे बघ रे त्यांचे," चेतना म्हणाली. "लपवायची सवय आहे त्यांना."

शेजारच्या गॅलरीतलेही हसले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. काकाही हसले. त्यांनी मान वर केली आणि दोन्ही हात पसरून, रिकामे तळवे मुलांना दाखवले. मग आकाशने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आमचे बाबा असेच आहेत म्हणून, आणि मी त्याच्याकडे बघून हसले.